बोअरवरचा नंबर

दर रविवारी सकाळी मी गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर एक टीप पाठवतो. कॉम्प्युटर-मोबाईलचं दुकान चालवणाऱ्यानं असे फुकट सल्ले वाटू नयेत, असं बाजारात सगळ्यांचं मत आहे. पण मला राहवत नाही. भिजलेला फोन चुलीपाशी वाळवू नका. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली घेऊन झोपू नका. पासवर्ड म्हणून पोराचं नाव ठेवू नका, तुमच्या पोराचं नाव अख्ख्या गावाला ठाऊक आहे. नवं काय आलं, जुन्यातलं काय बंद पडणार, कुठल्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर लातूरहून उठून नांदेडला गेलं, हेही त्यात असतं. लोक वाचतात, ज्यांना वाचता येत नाही ते शेजाऱ्याकडून वाचून घेतात, आणि मला मास्तर म्हणतात. मी शाळेत एक दिवसही शिकवलेलं नाही.

दुकान उदगीरला, स्टेशन रस्त्यावर आहे. पाटीवर मी हौसेनं 'जि. उदगीर' रंगवून घेतलंय. आमचा जिल्हा आज होणार, उद्या होणार म्हणून बॅनर लागतात, उपोषणं होतात. पाटी मात्र तयार आहे. माझी बायको जगदेवी म्हणते, "तुमच्या टिपा तुमच्याच घरात कुणी पाळत न्हाई, आन निघाले जिल्हा करायला." तिचा फोन अजूनही उशीखालीच असतो.

मी सांगतोय ती हकिगत पाणी रेल्वेनं लातूरला आलं त्या उन्हाळ्यातली. एवढं म्हटलं की इकडच्या माणसाला वर्ष सांगावं लागत नाही. त्या दिवसांत दुकानात कीबोर्ड, रॅम विचारणारं कुणी फिरकत नव्हतं. यायचे ते शेतकरी, आणि तेही मोबाईल स्टार्टर परत घ्या म्हणायला.

मोबाईल स्टार्टर म्हणजे मोटारीच्या पेटीला जोडायचा डबा. त्यात एक सिम असतं. घरी बसून त्या नंबरला फोन लावला की शेतातली मोटार चालू होते, आणि डबा फोनवर बोलून सांगतो: मोटार चालू झाली, किंवा लाईट नाही, किंवा बोअरला पाणी नाही म्हणून मोटार बंद केली. बोलून झाल्यावर थोडा वेळ लाईन तशीच उघडी राहते. डब्यात बारीक माईक असतो. पाणी पडतानाचा आवाज स्वतःच्या कानानं ऐकल्याशिवाय आपल्या माणसाचं समाधान होत नाही, हे कंपनीलाही कळलेलं दिसतं.

कंपनीनं डब्यात भरलेला आवाज एका बाईचा असतो. ती फार शुद्ध बोलते. म्हातारी माणसं "राँग नंबर लागला" म्हणून फोन कापायची, नाहीतर तिला "माफ करा बाई" म्हणायची. म्हणून मी एक पद्धत पाडली. स्टार्टर विकला की घरातल्या कर्त्या माणसाला दुकानातच उभं करायचं आणि त्याच्या आवाजात ती वाक्यं भरून द्यायची. आजूबाजूच्या शिवारांत असे कितीतरी डबे आपापल्या मालकाच्या आवाजात बोलायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या एप्रिलमधल्या एका रविवारी मी टीप पाठवली: बोअर आटली असेल तर स्टार्टरमधलं सिम काढून घरात ठेवा. डबा उन्हात तापून खराब होतो, आणि महिनोनमहिने न वापरलेला नंबर कंपनी बंद करते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच नागुबाई पायरीवर बसलेल्या दिसल्या.

त्यांचं गाव देगलूर रस्त्यावरून आत आहे. नवरा व्यंकटी पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होता. रिटायर झाल्यावर त्यानं गावाबाहेर एक तुकडा घेतला, बोअर पाडली, आणि माझ्याकडून स्टार्टर नेला. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात जाणारं पाणी राखलं, आता स्वतःचं पाणी घरबसल्या चालू करणार, म्हणून त्याला कोण आनंद झाला होता. दिवाळीच्या तोंडावर त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. मी मातीला गेलो होतो.

"मास्तर, जय भीम. ती टीप माघारी घ्या," नागुबाई म्हणाल्या.

"कशी घेऊ मावशी? गेली की ती."

"मंग दुसरी पाठवा. सिम काढू नका म्हणून लिव्हा. शेजारच्या चांगुणानं वाचून दाखवली तवापासून जिवाला घोर लागलाय. आमच्या अण्णारावला बी गेली आसंल ना?"

अण्णाराव म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. लातूरला डाळमिलमध्ये मुकादम आहे. त्याला टीप गेली होती, अर्थातच. माझ्या टिपेतून सहसा कुणी सुटत नाही.

"पण बोअरला पाणी नाही, तर सिमचं काय काम तुम्हाला?"

नागुबाईंनी पदराच्या गाठीतून बटणाचा फोन काढला, एक बटण दाबून धरलं आणि माझ्या कानाला लावला. रिंग गेली. मग खटकन उचलल्याचा आवाज, आणि व्यंकटी बोलला.

"पाणी न्हाई गं. मोटार बंद केली."

ते वाक्य मीच भरलं होतं, माझ्याच काउंटरवर. त्या दिवशी व्यंकटीला काही केल्या बोलता येईना. "कुनाशी बोलू? या डब्याशी?" म्हणून तो घाम पुसत राहिला. शेवटी मी नागुबाईंना त्याच्या समोर उभं केलं आणि म्हटलं, डबा विसर, हिला सांग. मग तो भडाभडा बोलला. 'मोटार चालू झाली बघ.' 'लाईट न्हाई गं, झोप तू.' 'पाणी न्हाई गं.' नागुबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाकी सगळ्यांचे डबे मालकाला हिशोबी निरोप द्यायचे, व्यंकटीचा डबा बायकोशी बोलायचा.

वाक्य संपलं तरी लाईन उघडी होती. वारं घुमत होतं आणि लांब कुठंतरी झाडावर होला घुमत होता. नागुबाईंनी फोन परत आपल्या कानाला लावला आणि मान एका बाजूला कलती करून आवाज बंद होईपर्यंत ऐकत राहिल्या. मी उगाच काउंटरवरची धूळ झटकली.

"रोज लावता?"

"सांजच्याला. काल म्हणाले लाईट न्हाई, झोप तू."

मला आठवलं की त्यांच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली म्हणून उतरवून नेलेली होती, आणि ती होळीच्याही आधी. डब्याची बॅटरी रात्रभर टिकते, फार तर दोन रात्री. मी तसं म्हटलं.

"म्हणूनच तर लाईट न्हाई म्हणाले," नागुबाई म्हणाल्या.

त्याच पुढं म्हणाल्या, "तुमाला वाटंल म्हातारी भुताखेताचं काहीबाही बोलून राहिली. आमच्यात ते मानत न्हाईत, मास्तर. बाबासाहेबांनी कवाच सोडवलं त्यातून. फोन हाय, लावला की लागतो. एवढंच हाय."

मी त्यांना चहा पाजला आणि नंबर बंद पडू नये म्हणून रिचार्ज मारायला घेतला. मशीन म्हणालं, असा नंबर नाही. पुन्हा आकडे तपासून मारला. तेच. दुकानाच्या फोनवरून फोन लावून बघितला. 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.' मग त्यांच्याच फोनवरून लावला. रिंग गेली, खटका झाला, व्यंकटी म्हणाला, "पाणी न्हाई गं."

कंपनीच्या सर्व्हरचा घोळ असणार, असं मी ठरवून टाकलं. फोन कंपन्यांच्या कारभारात मी इतक्या चमत्कारिक गोष्टी पाहिल्या आहेत की एक जास्त झाली तर बिघडत नाही. "होईल सगळं नीट" असं सांगून मी नागुबाईंना बसमध्ये बसवून दिलं. बस गेल्यावर माझ्या लक्षात आलं की भर एप्रिलमधल्या त्या होल्याच्या घुमण्यामागं आणखी एक आवाज होता. कुणीतरी श्वास घेत होतं.

आठवड्याच्या शेवटी अण्णाराव दुकानात आला. शर्टाच्या कॉलरवर डाळीचा भुगा, डोळे तांबारलेले. स्टुलावर बसला आणि हेडफोनच्या पाकिटांकडं बघतच बोलायला लागला.

"मास्तर, माय पडली परवा. टँकरच्या लाईनीत, उन्हात. चांगुणानं उचलून घरी नेलं."

"कशा आहेत?"

"हाय बरी. पण किती दिस? गावातला हापसा गेला, हिर गेली. टँकर येतो तो येशीपाशी, तिथून घागर डोक्यावर आणून राहिली. ह्या वयात. लातूरला बी पाण्याची बोंबच हाय, पण मी हाय, घरी बायको सिंधु हाय, डॉक्टर हाय. मी न्यायला आलो की एकच म्हणती, तुझे बाबा रोज फोनवर बोलतात, त्यांना टाकून कशी येऊ." त्यानं डोळे चोळले. "ती पुन्हा पडली आन कुनी बघितलं न्हाई तर? मला रातभर तेच दिसतं."

मी त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

"तुमचं ऐकंल ती. तुमी उद्या संगं चला. पेटी खोला, आन सांगा, मशीन खलास झालं, आता बोलत न्हाई. मी वाईट वाटून घेतो, तुमी नका घेऊ. पाप माझं."

"अण्णाराव, त्या फोनवर खरंच आवाज येतो. मी ऐकलाय."

तो माझ्याकडं बघत राहिला. नाराजीनं नव्हे, दमलेल्या माणसानं बघावं तसं.

"मास्तर," तो हळू म्हणाला, "सिम मी दिवाळीनंतर लगेच काढलं. बाबांच्या फोटोमागं ठेवलंय. माय बंद नंबर कानाला लावून बसती. आता तुमी बी तसंच म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या मित्राची जीप घेऊन निघालो. मी पिशवीत टेस्टर, पाने आणि एक नवी बॅटरी घेतली होती. खोटं बोलायला जाताना नवी बॅटरी कशाला घेतली, ते मला आजही सांगता येणार नाही.

उदगीर सुटलं की दोन्ही बाजूंना नुसती काळी रानं. तुरीच्या वाळक्या तुराट्या उभ्या होत्या, त्यांना शेंगाच धरल्या नव्हत्या. जमिनीला अशा भेगा की शेळीचा पाय अडकावा. गावाच्या वेशीपाशी रिकामे ड्रम ओळीनं लावून ठेवले होते, प्रत्येकाच्या झाकणाला कुलूप. माणूस एकही नव्हतं. ड्रम नंबर धरून उभे होते.

नागुबाई शेतातच होत्या. लिंबाच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्याला हळदीचा लेप. मला बघून उठायला लागल्या, मी बसवलं.

"मशीन बघायला आलो, मावशी. उन्हानं खराब झालं असंल."

"बघा की," त्या म्हणाल्या, आणि मुलाकडं एकवार बघून हसल्या. आईला पोराचं कारस्थान कळतं तशा.

बोअर तिथून पन्नासेक पावलांवर होती. लोखंडी खांबावर पत्र्याची पेटी, तिच्या आत माझा डबा. डीपीच्या जागी नुसते दोन सिमेंटचे खांब उरले होते, वायरी कापून नेलेल्या. पेटीचं दार गंजलं होतं. अण्णारावनं ते ओढून उघडलं तर आत गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं, तेही वाळून गेलेलं. मी पोळं खरडून काढलं. डब्याची बॅटरी फुगून फुटली होती. सिमच्या खाचेत धूळ होती, सिम नव्हतं. मी टेस्टर लावला, कुठंच काही नाही. खात्री म्हणून मी डब्याच्या सगळ्या वायरी कापल्या, चार स्क्रू काढले आणि डबा खांबावरून उतरवून हातात घेतला.

नवी बॅटरी पिशवीतच राहिली.

"झालं," अण्णाराव पुटपुटला. "चला, सांगा आता."

मी डबा घेऊन लिंबाकडं निघालो. मनात वाक्य जुळवत होतो. मावशी, हे आता बोलणार नाही. मावशी, वस्तू आहे, कधीतरी जायचीच. बोलायला तसं अवघड काही नव्हतं. रोज कुणाला तरी त्याचा हार्ड डिस्कमधला डेटा गेल्याचं मी सांगतोच.

"मावशी, हे खलास झालं," मी डबा त्यांच्यापुढं धरला. "आता ह्यातून आवाज यायचा नाही."

नागुबाईंनी डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. रागावल्या नाहीत.

"मंग त्यांनाच इचारा," त्या म्हणाल्या आणि बटण दाबून फोन माझ्या हातात दिला. स्पीकर त्यांनीच लावला.

रिंग गेली.

माझ्या डाव्या हातात डबा होता. गरम पत्रा, कापलेल्या वायरी लोंबत होत्या.

खटका झाला.

"पाणी न्हाई गं," व्यंकटी म्हणाला. "मोटार बंद केली."

अण्णाराव मटकन खाली बसला. बापाचा आवाज त्यानं दिवाळीनंतर पहिल्यांदा ऐकला होता. त्यानं फोनकडं हात केला आणि तसाच हवेत ठेवला.

लाईन उघडी होती. वारं ऐकू येत होतं, आमच्याच अंगावरून जाणारं. माझा स्वतःचा खोकला मला फोनमधून ऐकू आला. माईक आमच्याजवळ होता. फार जवळ.

"इचारा," नागुबाई म्हणाल्या.

मी तंत्राचा माणूस आहे. मशीनला प्रश्न विचारू नये, ते भरलेलं तेवढंच बोलतं, हे मीच लोकांना सांगतो. पण समोर गुडघ्याला लेप लावलेली बाई होती आणि तिचा पोरगा जमिनीवर बसून रडत होता.

"व्यंकटीमामा," मी म्हणालो. "बोअर गेली. इथं प्यायला पाणी नाही. मावशी उन्हात पडल्या. त्यांना पोराबरोबर जाऊ द्या."

काहीच आवाज आला नाही. वारंही थांबलं.

मग फोनमधून, अगदी सावकाश, दम लागलेल्या माणसासारखं:

"जा गं तू. पोराकडं जा."

हे वाक्य मी भरलेलं नव्हतं.

"बरं," नागुबाई म्हणाल्या. भाजीला काय आणू विचारल्यावर म्हणावं तसं, सरळ. मग माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला, पदराला बांधला आणि अण्णारावच्या डोक्यावरून हात फिरवला. "ऊठ रं. गाठोडं बांधायचंय."

त्याच दिवशी दुपारी त्या लातूरला गेल्या. जीपमध्ये पुढं बसल्या होत्या. मी डबा घेऊन बसनं उदगीरला आलो.

दुकानात आल्यावर मी तो डबा खोलला. आवाजाची चिप काढून कॉम्प्युटरला जोडली. व्यंकटीची वाक्यं होती तेवढीच होती, प्रत्येकामागं माझ्या दुकानाच्या पंख्याची घरघर आणि नागुबाईंचं दाबलेलं हसू. 'जा' कुठंच नव्हतं. मी ती वाक्यं पुन्हा पुन्हा लावली. जगदेवी जेवण घेऊन आली, दाराशीच थांबली, म्हणाली, "कोन बोलतंय इतकं मायेनं?" मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे.

त्या रविवारची टीप मी आधीच लिहून ठेवली होती. बँकेचं नाव सांगून फसवणारे फोन वाढले होते, त्यावर होती. फोनवरचा आवाज ओळखीचा वाटला तरी विश्वास ठेवू नका, खात्री करून घ्या. बोट बटणावर ठेवून बराच वेळ बसलो. शेवटी ती खोडली आणि प्रिंटरच्या शाईवर काहीतरी पाठवून दिलं.

अण्णारावचा अधूनमधून फोन यायचा. माय बरी आहे, जेवते, नातीला गोष्टी सांगते, डॉक्टर म्हणाले रक्त वाढलं. ऐकून मला खरंच समाधान वाटायचं. एवढे सल्ले दिले, त्यातला एक कुणाच्या तरी जिवाला उपयोगी पडला, असं मी जगदेवीला दोन-तीनदा ऐकवलंही. अण्णाराव त्या शेताबद्दल मात्र बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "माय अजून लावती फोन. मी बाहेर जाऊन उभा राहतो."

जूनमध्ये मला माल आणायला लातूरला जावं लागलं. पाऊस अजून नव्हता. काम उरकून दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत कुलूप लावलेला निळा ड्रम. सून सिंधु दवाखान्यात कामाला गेली होती, अण्णाराव मिलवर, नात मामाकडं. नागुबाई एकट्याच होत्या. चेहरा भरला होता, केस विंचरलेले, अंगावर नवं लुगडं. भिंतीवर व्यंकटीचा फोटो होता, त्यामागं सिमची लहानशी पुडी खोचलेली दिसत होती.

त्यांनी मोजून पाणी घेऊन चहा टाकला. मला कपात दिला, स्वतः बशीत ओतून घेतला.

"करमतं का इथं?"

"हाव. लेकरू माया करतं, सून बी चांगली हाय. तुमीच धाडलं, बरं झालं बघा. तिथं असते तर गेलेच असते ह्या उन्हाळ्यात."

हे ऐकायलाच मी तीन मजले चढून आलो होतो. तिथंच उठायला हवं होतं. पण डबा माझ्या दुकानात कपाटात होता, वायरी कापलेला, आणि मला राहवेना.

"फोन लागतो का अजून?"

नागुबाईंनी एका हातात बशी धरून दुसऱ्या हातानं फोन काढला, बटण दाबलं आणि स्पीकर लावून आमच्या मधोमध फरशीवर ठेवला.

रिंग गेली. खटका झाला.

"मोटार चालू झाली बघ," व्यंकटी म्हणाला.

मी दचकलो. इतके दिवस ते वाक्य लागलंच नव्हतं.

मग लाईन उघडी राहिली आणि त्यातून पाणी ऐकू आलं. जाड धार, पाइपातून हौदात पडणारी, भरल्या हौदात पाण्यावर पाणी आपटावं तशी. त्या शेतात डीपी नव्हती, पेटी रिकामी होती, आणि पावसाचा एक थेंब नव्हता.

"हे कधीपासून, मावशी?"

"परवापासून. लई पानी लागलंय," त्या समाधानानं म्हणाल्या.

पाण्यात कुणीतरी चाललं. ओल्या पावलांचा आवाज, काकणांचा आवाज. आणि मग अगदी माईकजवळ बाईमाणसाचा आवाज आला.

"व्हा की बाजूला. पाय धुऊ द्या मला."

व्यंकटी हसला.

तो बाईचा आवाज मी ओळखला. माझ्या दुकानात कितीदा तरी ऐकला होता, आता क्षणापूर्वीही ऐकला होता. मी समोर बघितलं. नागुबाई बशीतल्या चहावर फुंकर घालत होत्या.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला समजावून सांगितल्यासारखं, मायेनं म्हणाल्या, "ती मीच की. चहा घ्या मास्तर, निवून राहिला."